गुडघाभर भिंत

"दोरी दोन बोटं हिकडं सरकलीया. सांग त्यास्नी," अण्णा म्हणाले.

ज्यांना सांगायचं ते बापूकाका, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ, त्याच दोरीचं दुसरं टोक धरून उभे होते. तरी मी मान वळवली आणि म्हणाले, "काका, अण्णा म्हणतात, दोरी इकडं सरकलीय."

"त्यास्नी म्हनावं, डोळं तपासून घ्या."

मी पुन्हा मान वळवली. "अण्णा, काका म्हणतात..."

"आयकलंय. सांग, डोळं धडधाकट हायत माझं. दोरी धरायला अक्कल लागतीया."

दस्तगीर मिस्त्री हातात थापी घेऊन मधे उकिडवा बसला होता. त्याने एकदा या टोकाकडे पाहिलं, एकदा त्या टोकाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. "वयनी, वीट कुटं ठिवायची ते तुमीच सांगा. मला सांच्याला घरी जायाचं हाय."

अण्णा माझे सासरे. इचलकरंजीत आमचा आठ यंत्रमागांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की लागणारं पत्र्याचं लांबट शेड. डावीकडे चार माग, उजवीकडे चार, मधे जायला-यायला वाट. डावे अण्णांचे आणि उजवे काकांचे असं तोवर कुणी म्हणत नव्हतं. त्या दिवसापासून म्हणावं लागणार होतं, कारण मधल्या वाटेवर थेट पत्र्यापर्यंत भिंत चढणार होती. मिस्त्रीने आदल्या दिवशीच बजावलं होतं, की माल ओला असेपर्यंत माग चालवायचे नाहीत, हादऱ्याने वीट धरणार नाही. म्हणून आठही माग बंद होते आणि धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या.

आणि ही भिंत माझ्या लग्नाने आणली होती. निदान लोक तसं म्हणत होते.

भिंतीच्या दोन वर्षं आधी माझं लग्न इचलकरंजीतच झालं, सासरच्या दारात मांडव घालून. अक्षता पडल्या आणि मानाचे फेटे सुरू झाले. आमच्याकडे हा कार्यक्रम लग्नापेक्षा लांबतो. माइकवाला नाव पुकारतो, तो पाहुणा "कशाला, कशाला" म्हणत लगबगीने पुढे येतो आणि फेटा बांधून घेतो. रेंदाळचे मेहुणे झाले, हुपरीचे चुलतभाऊ झाले, सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचा दिवाणजी झाला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरलासुद्धा फेटा मिळाला. बापूकाका पहिल्या रांगेत टोपी काढून, केस चापूनचोपून बसले होते. त्यांचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. नावं अण्णांनी सांगितलेली होती. पंगत बसायच्या आत काका मांडवातून उठून गेले, आणि त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं. चुली दोन झाल्या, स्वयंपाकघरात मधे पडदा आला. असं का केलंत, हे काकांनी विचारलं नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही.

मी मिरजेची. माझे वडील एसटीत कंडक्टर. आमच्या घरात कुणाच्या पोटात काही राहतच नसे. सकाळी कडाक्याचं भांडण झालं तरी संध्याकाळच्या भाकरीपर्यंत मिटायचं, कारण भांडणारी आणि भाकरी वाढणारी एकच असायची. तेव्हा सासरचं हे तोंड शिवून बसणं मला झेपेना. लग्नाला महिना झाला असेल, मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं होतं, "अण्णांनी काकांना फेटा का नाही बांधला?"

"त्यांच्या मनातलं त्यास्नी ठावं," आत्या म्हणाल्या. "तू मधी पडू नगंस."

मधे पडू नको म्हणायचं आणि निरोप मात्र माझ्या हातून धाडायचे. "त्यास्नी सांग, मीटर बघायला मानूस आलाय." "त्यास्नी सांग, कळलं." एकाच खोलीत दोघं बसलेले असत आणि मी मधे टेबलावरच्या पंख्यासारखी मान फिरवत असे. आमचे हे दारात उभे राहून ऐकत आणि निघून जात. बापापुढे आणि चुलत्यापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

हे सगळं मी सोसलंही असतं. पण एकदा नळावर घागर लावून उभी होते, तेव्हा पलीकडून काकूंचा, म्हणजे बापूकाकांच्या बायकोचा, आवाज आला. "पोरीनं माप वलांडलं आनि घर दोन झालं. पायगुन म्हनत्यात तो ह्यो." ऐकणाऱ्या बायकांनी च्यक् च्यक् केलं. घागर भरून वाहत होती तरी मला हात हलवता येईना. भिंत झाली की ती माझ्या नावाची भिंत होणार, उद्या माझ्या लेकरांनाही लोक दाखवणार की ही बघा तुमच्या आईने आणलेली. ते मला मरेपर्यंत पुसता येणार नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून बघत आले होते. माग चालू असले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे कारखान्यात हातांनी बोलायची रीत. करंगळी वर केली की कांडी, म्हणजे धोट्यातली सुताची नळी, संपली. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. कुठल्या मागावर आपल्या सुताचं बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, आहे आणि कुठल्यावर व्यापाऱ्याचं, हे सांगायचं तर आपल्यासाठी छातीवर तळवा ठेवायचा आणि परक्यासाठी अंगठा दाराकडे करायचा. मी कोपऱ्यात कांड्या भरायला बसायची, तिथून दोघांचे हात दिसायचे. घरात शब्दाला महाग असलेली माणसं कारखान्यात दिवसभर एकमेकांना हात करत.

दुपारी एक खूण व्हायची. जेवणवेळ झाली की एक जण दुसऱ्याकडे बघून घास तोंडाशी नेई, मग दाराकडे बोट करी, मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावून समोरच्याचे माग दाखवी. तू जेवून ये, तुझे माग मी बघतो. दुसरा जाई, पोटभर जेवून येई आणि आल्यावर हीच खूण उलट करी. दोन चुली झाल्यावरही यात एक दिवस खंड पडला नव्हता. मला ही खूण कधी कुणी केली नाही. कांड्या भरणारीकडे दुसऱ्याने राखण्यासारखं काय असतं?

"हे बोलतात की एकमेकांशी," मी एकदा ह्यांना म्हणाले होते.

"ते काम हाय," हे म्हणाले. "बोलणं न्हवं."

तर भिंतीचं काम सुरू झालं. दोरीचं भांडण मिस्त्रीनेच मिटवलं, वाटेच्या मधोमध खिळा ठोकून. दोघं आपापल्या टोकाला स्टुलावर बसले आणि विटांवर विटा चढताना बघत राहिले. दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली. मिस्त्रीने थापी धुतली, "जेवून येतो" म्हणाला आणि गेला.

शेडमध्ये एवढी शांतता मी आल्यापासून ऐकली नव्हती. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजलेली कळत होती.

आत्या दारात आल्या. "पान वाढलंय."

"येतो," अण्णा म्हणाले आणि बसून राहिले.

पडद्यापलीकडून काकूंनी हाक मारली. "अवो, भाकरी निवतीया."

"आलो," काका म्हणाले आणि तेही बसून राहिले.

मी कोपऱ्यात रिकाम्या कांड्या वेचत होते. बराच वेळ कुणी उठलं नाही. अण्णांनी काकांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. थोड्या वेळाने काकांनी अण्णांकडे पाहिलं आणि चादरीखाली झाकलेल्या मागांकडे बघत बसले. दोघांनाही भूक लागली होती, पोटावरून हात फिरत होते. तेव्हा मला उमगलं. माग बंद होते, राखायला काही नव्हतं. पण जेवून ये म्हणून दुसऱ्याने सांगितल्याशिवाय या दोघांना उठायची सवयच नव्हती.

मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हातातली टोपली मी खाली आपटली.

"सूनबाई," अण्णा दचकून म्हणाले, "त्यास्नी सांग..."

"न्हाई सांगणार," मी म्हणाले. "आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला नेणार न्हाई. ज्याचं त्यानं बोलायचं."

"लई शेफारलीया पोरगी," काका पत्र्याकडे बघून म्हणाले.

"हे मात्र मला थेट ऐकू आलं, काका. असंच बोलायचं असतं." मी भिंतीपाशी गेले. "भिंत वर गेल्यावर दुपारी तुमचे माग कोण बघणार, अण्णा? आणि काका, तुमचे? दिसणार तरी हाय का पलीकडचं?"

 दारात हे आले होते. "शालन," हलक्या आवाजात म्हणाले, "गप आत चल."

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हणाले. "मला वेळ आहे."

मी पहिल्या मागावरची चादर ओढली, मग दुसऱ्यावरची. आठही चादरी भुईवर आल्या तरी कुणाच्या लक्षात आलं नाही मी काय करणार ते. दाराजवळ जाऊन मी मेन स्विच चालू केला आणि एकेका मागाची दांडी ओढत गेले. डावीकडचे चार, मग भिंत ओलांडून उजवीकडचे चार. धोटे आपटायला लागले, शेड थरथरायला लागलं. अण्णा स्टुलावरून उठून ओरडत होते, त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. काय म्हणाले ते आजतागायत मला माहीत नाही.

पण चालू माग सोडून विणकर भांडत बसत नाही. कांडी संपली आणि कुणी बघितलं नाही तर माग तसाच चालत राहतो आणि कापड वाया जातं. पहिली कांडी संपली ती काकांच्या दुसऱ्या मागावर. काका पाठमोरे होते. अण्णांची करंगळी वर गेली, काकांनी ती कशी पाहिली देव जाणे, पण वळले आणि मागावर धावले. मग अण्णांच्या शेवटच्या मागावर धागा तुटला, काकांनी कात्री केली. थोड्याच वेळात दोघं आपापल्या चार मागांमधून फिरत होते, रोजच्यासारखे. ओल्या भिंतीच्या वरच्या विटा कुरकुरत हलायला लागल्या होत्या. तिकडे कुणी बघितलं नाही.

मी त्या भिंतीला लागून मधोमध, दोघांना दिसेन अशी उभी राहिले. अण्णांनी माझ्याकडे बघितल्यावर मी हात डोक्याभोवती गोल फिरवला. फेट्याची खूण आमच्या कारखान्यात नव्हती, पण ती न कळायला काय झालं. मग काकांकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे उलटे केले. का नाही?

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. ते वळून मागाकडे गेले, काही बिघडलेलं नसताना सुतावरून हात फिरवला. मी हलले नाही. ते परत आले तेव्हाही मी तशीच उभी होते आणि पलीकडे काकाही आता उभे होते. त्यांनी माझे हात पाहिले होते.

अण्णांनी मला टाळून थेट काकांकडे बघितलं. हात डोक्याभोवती फिरवला आणि अंगठा दाराकडे केला. मग काकांकडे बोट दाखवलं आणि तळवा छातीवर ठेवला.

काका नुसतेच बघत राहिले. अण्णांना वाटलं असावं, कळलं नाही. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, सावकाश, नव्या कामगाराला शिकवावं तसं. फेटा, तो परक्याला. तू, तो आपला. आणि छातीवरचा तळवा या वेळी त्यांनी खाली घेतलाच नाही.

 दोन वर्षं मी धरून चालले होते की अण्णा विसरले, नाहीतर मुद्दाम डावललं. आणि अण्णांच्या डोक्यात साधी गोष्ट होती. मान पाहुण्याला द्यायचा. घरचा माणूस मान घेणारा नसतो, देणारा असतो. त्यांच्या लेखी बापू त्या मांडवाचा यजमान होता, आणि तो बापू टोपी काढून, केस चापून पाहुण्यांच्या रांगेत वाट बघत बसला होता.

काकांनी बोटं ओठांपाशी नेऊन उघडली आणि हात झटकला. मग बोलला का नाहीस?

अण्णांनी तोच हात उलट काकांकडे केला. तू विचारलंस का?

दोघं एकमेकांना तोच हात करत राहिले, एकदा हा, एकदा तो. सगळ्या मागांच्या त्या खडखडाटात ते इतकं वेडगळ दिसत होतं की दारात उभ्या आत्यांनी पदर तोंडाला लावला. शेवटी काकांनी दोन बोटांची कात्री केली आणि अण्णांच्या तिसऱ्या मागाकडे दाखवलं. खरंच धागा तुटला होता. अण्णा जोडायला वाकले तेवढ्यात काकांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड खसाखसा पुसलं. कारखान्यात कापसाचे कण सदा उडत असतात, डोळ्यांत जातात. कुणी विचारलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं.

अण्णा सरळ उभे राहिल्यावर काकांनी घास तोंडाशी नेला, दाराकडे बोट केलं, दोन बोटं डोळ्यांना लावली.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली आणि तीच खूण काकांना केली. काकांनी पुन्हा केली, जरा रागाने. मग अण्णा गेले.

मिस्त्री परत आला तेव्हा त्याने वरच्या थराला बोट लावलं आणि वीट हलवून बघितली. माझ्याकडे असं बघितलं की माझं मिरजेपर्यंतचं सगळं खानदान त्याने मनातल्या मनात उद्धरलं असावं. बाहेर जाऊन तो विडी ओढत बसला. संध्याकाळी माग थांबले तेव्हा आत येऊन म्हणाला, "मालक, सुट्ट्या झालेल्या विटा काढतो. पुढं काय करायचं? किती थर घिऊ?"

अण्णांनी सवयीने माझ्याकडे तोंड केलं. "सूनबाई, त्यास्नी इचार..."

मी कांड्या मोजून टोपलीत टाकत राहिले. मान वर केली नाही. ठरवलं होतं, आज रात्र झाली तरी चालेल, मी तोंड उघडणार नाही. अण्णा थांबले. घसा खाकरला. 

"बापू," ते म्हणाले. आवाज फाटला. "मिस्त्री इचारतोय."

काका पंचा झटकत होते. झटकून झाला, घडी झाली, खांद्यावर गेला.

"ऱ्हाऊ दे म्हनावं," ते म्हणाले. "बसाय बरी हाय."

ती भिंत तेवढीच राहिली. पुढे कितीतरी वर्षं चार वाजताचा चहा दोघं तिच्यावर बसून पीत. सगळं काही गोड झालं असं मात्र नाही. चुली दोनच राहिल्या, पडदाही राहिला. काकूंनी पायगुणाचं बोलणं कधी मागे घेतलं नाही, पुन्हा बोलल्या नाहीत एवढंच. आणि अण्णा-काका भांडायला लागले. रोज, मोठमोठ्याने, सुतावरून, दिव्याच्या बटणावरून, क्रिकेटवरून. ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटे.

पुढे माग भंगारात गेले. अण्णाही गेले. बापूकाकांचे कान तर कारखान्यानेच नेले होते. घरातली पोरं त्यांच्याशी ओरडून बोलायची आणि दमून सोडून द्यायची.

माझ्या मुलीचं, केतकीचं, लग्न झालं तेव्हा काका पहिल्या रांगेत बसले होते. टोपी मांडीवर, केस चापूनचोपून. बँड इतक्या जोरात वाजत होता की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. मानाचे फेटे चालू होते. नावं या वेळी मी सांगितली होती, आणि काकांचं नाव मी घेतलं नव्हतं. मुलाकडच्या एका मोठ्या माणसाला ते खटकलं असावं. एवढा म्हातारा माणूस बोडक्या डोक्याने बसलाय म्हणून तो स्वतःच फेटा घेऊन त्यांच्यापुढे गेला आणि वाकला.

मी लांबून बघत होते. 

काकांनी त्याचा हात हलकेच बाजूला केला आणि तळवा छातीवर ठेवला. त्या गृहस्थाला काही कळेना. त्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"ते घरचे आहेत," मी ओरडून सांगितलं.

तो पुढच्या पाहुण्याकडे गेला. काका अजून माझ्याकडेच बघत होते. मी पहाटेपासून उभी होते, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि तोंडावर ते दिसत असणार. त्यांनी घास तोंडाशी नेला. पंगतीच्या दाराकडे बोट केलं. मग दोन बोटं डोळ्यांना लावली आणि हात सगळ्या मांडवावरून फिरवला.

मी जेवायला गेले.